रद्द झालेल्या गोष्टी आणि परतून आलेल्या

चार्ल्स डिकन्स १८७० साली वारला तेव्हा 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' या कादंबरीचे बारांपैकी सहाच भाग लिहून झाले होते. खुनी कोण, हा प्रश्न तिथेच राहिला आणि गेली दीडशे वर्षे अभ्यासक व हौशी लेखक त्याची उत्तरे शोधत आहेत. अपूर्ण साहित्यकृतीची आपल्या मनातली प्रतिमा बहुधा अशीच असते. लेखणी मध्येच थांबते आणि तिला थांबवणारा मृत्यू असतो. त्यात एक प्रकारचे गांभीर्य आहे. मृत्यूशी वाद घालता येत नाही, त्यामुळे वाचकही निमूटपणे अपूर्णतेचा स्वीकार करतो.

पण अपूर्णतेचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. कृती बऱ्याच अंशी तयार असते, तिचे कर्ते हयात असतात, वाचक वाट पाहत असतात, आणि एके दिवशी एखाद्या कार्यालयातून निवेदन निघते की हे काम थांबवण्यात आले आहे. इथे दोष द्यायला मृत्यू नसतो; असतो तो हिशेब. अशा रद्द झालेल्या कृतींचे आणि पुढे कधीतरी त्यांच्या जागी परतून येणाऱ्या कृतींचे परस्पर नाते काय, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणे मात्र कादंबरीची नसून संगणकावरच्या ॲडव्हेंचर गेम्सची आहेत. विद्वान वाचकांनी भुवया उंचावण्याआधी थोडा धीर धरावा, एवढी विनंती.

ॲडव्हेंचर गेम हा मुळात वाचण्याचाच खेळ आहे. त्यात वेगाला किंवा नेमबाजीला महत्त्व नसते. पडद्यावर एखादे दृश्य असते, त्यात माणसे आणि वस्तू असतात. माणसांशी बोलायचे, वस्तू उचलायच्या, एकीचा दुसरीशी संबंध लावून पाहायचा आणि कोडे सुटले की कथा पुढे सरकते. ती तोवर तिथेच तिष्ठत उभी राहते. १९८७ साली लुकासफिल्मच्या खेळ विभागातून आलेला 'मेनियॅक मॅन्शन', १९९०चा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', १९९५चा 'फुल थ्रॉटल', १९९८चा 'ग्रिम फॅन्डँगो' ही या परंपरेतली मान्यवर नावे. 'मंकी आयलंड'मधले तलवारयुद्ध तलवारीने जिंकता येत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या टोमण्याला चपखल उत्तर देऊन ते जिंकावे लागते. तमाशातल्या सवाल-जवाबाची ओळख असलेल्याला यातली गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आमची आणि या प्रकाराची गाठ पडली ती १९९३ सालच्या 'सॅम अँड मॅक्स हिट द रोड' या खेळामुळे. सूट घातलेला सॅम नावाचा कुत्रा आणि काहीही न घातलेला मॅक्स नावाचा सशासारखा प्राणी हे दोन स्वयंघोषित पोलीस जत्रेतून पळालेल्या बिगफूटच्या शोधात अमेरिकेच्या हमरस्त्यांवरून हिंडतात. स्टीव्ह पर्सेल या चित्रकाराने ही जोडी आपल्या कॉमिक्ससाठी निर्माण केली. तिचा पहिला अंक १९८७चा. मामाच्या कार्यालयातल्या संगणकावर, काम संपल्यानंतर, आमचा मामेभाऊ आणि आम्ही हा खेळ खेळत असू. तो आमच्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणून अर्थातच दादा. आम्ही मराठी माध्यमातले. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा असायचा आणि "दादा, हा ससा आता काय म्हणतोय रे?" हा प्रश्न संध्याकाळी किमान वीसदा विचारला जायचा.

त्या खेळात अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या प्रेक्षणीय स्थळांची यथेच्छ टिंगल आहे. जगातला सर्वांत मोठा सुतळीचा गुंडा हे त्यांतलेच एक. अशी स्थळे खरोखर असतात हे आम्हांला ठाऊक नव्हते. म्हणजे विडंबन आधी वाचले आणि ज्याचे विडंबन, ती वस्तू कित्येक वर्षांनी कळली. परभाषेतले साहित्य दुरून वाचणाऱ्यांच्या वाट्याला हा उलटा क्रम नेहमीच येतो. त्याने आनंद कमी होतो असे आमचे मत नाही. तो निराळा होतो, एवढेच.

दादाकडे एक दोनशेपानी वही होती. कोणत्या जागी काय सापडले, कोणाशी काय बोलल्यावर काय घडले, न कळलेले शब्द आणि त्यांचे शोधलेले अर्थ, सारे त्यात सुवाच्य अक्षरात. लुकासआर्ट्सने 'सॅम अँड मॅक्स: फ्रीलान्स पोलीस' या नव्या खेळाची घोषणा २००२ साली केली. ती बातमी वाचून त्याने वहीच्या उरलेल्या पानांतल्या पहिल्यावर लाल शाईने 'भाग दुसरा' असा मथळा घातला आणि पुढची पाने कोरी राखली.

३ मार्च २००४ रोजी लुकासआर्ट्सने तो खेळ रद्द केल्याचे जाहीर केले. बाजारपेठेची परिस्थिती आणि आर्थिक विचार अशा आशयाचे कारण देण्यात आले. त्याआधी ऑगस्ट २००३मध्ये 'फुल थ्रॉटल'चा पुढचा भाग 'हेल ऑन व्हील्स' असाच थांबवला गेला होता. आणि तोही 'फुल थ्रॉटल'चा पहिलाच बारगळलेला उत्तरभाग नव्हता. कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. त्रिमित चित्रणाने खर्च वाढवला होता. खेळ खोक्यांतून विकले जात, दुकानाच्या फडताळावरची जागा मर्यादित असे आणि ती जागा अधिक खपणाऱ्या मारधाडीच्या खेळांना मिळे. सावकाश वाचायच्या खेळाला तिथे वाली उरला नव्हता. तरीही वाचक म्हणून आमच्या मनाला जे बोचले ते निराळेच होते. जी गोष्ट सांगायला माणसे तयार होती आणि ऐकायलाही तयार होती, ती मध्ये तिसऱ्याच कोणीतरी उभे राहिल्यामुळे सांगितली गेली नाही.

पुढे काय झाले हे समजून घ्यायला स्वामित्वहक्काचा रूक्ष मुद्दा टाळता येत नाही. सॅम आणि मॅक्स ही पात्रे पर्सेलची होती. लुकासआर्ट्सकडे होता तो केवळ परवाना, आणि तो २००५ साली संपला. दरम्यान त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या डॅन कॉनर्स, केव्हिन ब्रूनर आदी मंडळींनी २००४मध्येच टेलटेल गेम्स ही संस्था काढली होती. पर्सेलने आपली पात्रे त्यांच्या हाती दिली. ऑक्टोबर २००६मध्ये नव्या मालिकेचा पहिला भाग आला आणि एप्रिल २००७पर्यंत सहा भाग पूर्ण झाले. खोके नाही, फडताळ नाही. गेमटॅप या सेवेवरून आणि इंटरनेटवरून थेट घरी. डिकन्सच्या काळातली क्रमशः प्रकाशनाची पद्धत या मार्गाने पुन्हा अवतरली. एका भागाच्या विक्रीवर पुढच्याची तजवीज होऊ शकत होती आणि वाचकाला एका बैठकीत संपेल एवढाच घास मिळत होता. 'फुल थ्रॉटल'च्या नशिबी हे आले नाही. तो खेळ कंपनीच्या मालकीचा होता, त्यामुळे कर्ता टिम शेफर बाहेर पडला तरी पात्रे आतच राहिली. नायक बेनला आवाज देणारा रॉय कॉनरॅड तर २००२मध्येच निवर्तला होता.

दादा तेव्हा नोकरीनिमित्त बंगळूरला होता. आम्ही दोघांनी ते सहाही भाग आपापल्या गावी, फोनवर एकमेकांना कोडी न सांगण्याची शपथ घेऊन पूर्ण केले. सॅम आणि मॅक्सचे आवाज नवे होते. चित्रे त्रिमित होती. पण रस्ता तोच, कचेरी तीच, आणि मॅक्सचा आगाऊपणा तर काकणभर अधिकच. आम्ही खुशीत होतो. दिवाळीत भेट झाली तेव्हा आम्ही सहज विचारले, "मग, लाल मथळ्याखाली लिहिलंस की नाही?" त्याने नवी वही दाखवली.

"जुन्या वहीत का नाही?"

"अरे, ती पानं याच्यासाठी नव्हती. हा आला, छान आला. पण तो गेला तो गेलाच."

त्यावेळी आम्हांला हा दादाचा हटवादीपणा वाटला. आज वाटते, आमच्यापेक्षा त्याची समीक्षादृष्टी अधिक नेमकी होती. २००६चा खेळ २००४च्या खेळाचे पुनरुज्जीवन नव्हता. त्याची कथा निराळी होती, तंत्र निराळे होते. पात्रे तेवढी तीच होती. आपण 'मालिका पुन्हा सुरू झाली' असे म्हणतो तेव्हा नावाच्या सातत्याला कृतीचे सातत्य समजतो. रद्द झालेली कृती परत येत नसते. तिच्या शेजारच्या जागेवर दुसरी कृती येऊन बसते. ती चांगली असू शकते, तिच्याहून सरसही असू शकते. मात्र रिकामी जागा रिकामीच राहते.

या रिकाम्या जागेचे करायचे काय, हा प्रत्येक पुनरागमनापुढचा कलात्मक प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरे आम्हांला दिसतात.

पहिले उत्तर सॅम आणि मॅक्सचे. मध्ये तेरा वर्षे गेली आहेत याची त्या दोघांना गंधवार्ता नाही. फोन वाजतो आणि ते कामाला लागतात. विनोदी पात्रांना हे शोभते. चिरतारुण्य हा त्यांचा हक्कच आहे, आणि खंडाचा उल्लेख न करणे हीच खंडावर केलेली मात ठरते.

दुसरे उत्तर याच्या नेमके विरुद्ध आहे. रॉबर्टा विल्यम्सच्या 'किंग्ज क्वेस्ट'ची सुरुवात १९८४ची. आठवा भाग १९९८चा. त्यानंतर मालिका थांबली. चाहत्यांनी स्वतः नववा भाग लिहायला घेतला. २००५मध्ये हक्कदार कंपनीने त्यांना रोखले, मग नाव बदलण्याच्या अटीवर परवानगी दिली. २०१०मध्ये नव्या हक्कदाराने पुन्हा रोखले, पुन्हा मोकळीक दिली आणि त्याच वर्षी जुलैत 'द सिल्व्हर लायनिंग'चा पहिला भाग बाहेर पडला. टेलटेलनेही २०११मध्ये या मालिकेचा नवा खेळ करण्याचे जाहीर केले. तो कधीच आला नाही. अखेर द ऑड जंटलमेन या चमूने २०१५-१६मध्ये पाच प्रकरणांत नवा 'किंग्ज क्वेस्ट' सादर केला. त्यात राजा ग्रॅहम म्हातारा झाला आहे आणि नात ग्वेन्डोलिनला आपल्या तरुणपणच्या गोष्टी सांगतो आहे.

म्हणजे मधली वर्षे इथे लपवलेली नाहीत, तीच आशयाचा भाग झाली आहेत. गोष्ट सांगणारा म्हातारा, ऐकणारे मूल आणि या दोघांच्या मधोमध पूर्वीचा पराक्रम: आपल्या आख्यानपरंपरेला ही चौकट अनोळखी नाही. सांगणारा वाढवून सांगतो, विसरतो, क्वचित सोयीचे तेवढेच आठवतो. मालिकेतल्या विसंगतींचे उत्तर शोधायची गरजच मग उरत नाही. आठवणीत विसंगती असायचीच. शेवटी ग्रॅहमचा मृत्यू होतो आणि गोष्ट नातीच्या हाती जाते.

हीच चौकट २०२२ सालच्या 'रिटर्न टू मंकी आयलंड'मध्ये पुन्हा भेटते आणि तिथे तिची खोली अधिक आहे. रॉन गिल्बर्टने १९९१च्या दुसऱ्या भागाचा शेवट विलक्षण केला होता. चाच्यांच्या जगातला नायक गायब्रश आणि त्याचा वैरी लेचक हे शेवटी एका करमणूक उद्यानातली दोन पोरे म्हणून समोर येतात. सारे साहस खरे होते की मुलांचा खेळ? उत्तर न देता गिल्बर्ट १९९२मध्ये कंपनी सोडून गेला. पुढचे भाग १९९७, २००० आणि २००९मध्ये इतरांनी केले. मूळ कर्त्याच्या मनातला तिसरा भाग कोणता, यावर तीस वर्षे तर्क चालले. २०१३मध्ये गिल्बर्टने असे लिहिले होते की, आपण पुन्हा हा खेळ केलाच तर दुसऱ्या भागानंतरचे सारे बाजूला ठेवून जिथे सोडले तिथूनच उचलू.

प्रत्यक्षात १९ सप्टेंबर २०२२ रोजी खेळ आला तेव्हा त्याने आणि सहलेखक डेव्ह ग्रॉसमनने तसे केले नाही. सुरुवात त्याच उद्यानातून होते खरी. पण ती मुले गायब्रशचा मुलगा आणि त्याचे सवंगडी आहेत, बापाची गोष्ट ती खेळून पाहत आहेत. मग बाप बाकावर बसून मुलाला एक नवी गोष्ट सांगू लागतो. त्या गोष्टीत १९९७च्या भागातली मरे नावाची बोलकी कवटी आहे. एलेन ही आता गायब्रशची पत्नी आहे, आणि ते लग्नही इतरांनीच लावलेले. गायब्रशचा आवाज डॉमिनिक अर्माटोचा आहे, जो गिल्बर्टच्या पहिल्या दोन भागांत नव्हताच. आपल्या गैरहजेरीत परक्या हातांनी जे लिहिले, ते मूळ लेखकाने परत येऊन स्वीकारले. संहितेच्या मालकीविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. लेखकाने आपला अधिकार असा सौम्यपणे सैल केल्याचे उदाहरण मात्र आमच्या पाहण्यात विरळाच.

वाचकांना ते सगळ्यांना मानवले असे नाही. नव्या चित्रशैलीवर इतके कडवट प्रहार झाले की खेळ येण्यापूर्वीच गिल्बर्टने त्याविषयी आपल्या संकेतस्थळावर लिहिणे थांबवत असल्याचे सांगितले. ज्यांनी तीस वर्षे वाट पाहिली त्यांच्या मनात एक तयार झालेला खेळ आधीच होता आणि कोणताही प्रत्यक्ष खेळ त्याच्याशी स्पर्धेत हरणारच होता. शेवटी 'मंकी आयलंडचे रहस्य' उघडते तेव्हा पेटीतून निघतो एक टी-शर्ट. मुलगा विचारतो, खरे रहस्य काय? उत्तर खेळणाऱ्याने निवडायचे असते. काहींना ही फसवणूक वाटली. आम्हांला वाटले की तीस वर्षांच्या प्रतीक्षेला यापेक्षा प्रामाणिक उत्तर देता आले नसते.

तिसरे उत्तर संपादकाचे आहे. नवे काही लिहायचे नाही. जुनी संहिता स्वच्छ करून पुन्हा वाचकांपुढे ठेवायची. 'ग्रिम फॅन्डँगो' २०१५मध्ये आणि 'फुल थ्रॉटल' २०१७मध्ये टिम शेफरच्या डबल फाइन या संस्थेने असे पुन्हा प्रसिद्ध केले. जुन्या बॅकअप टेपांतून मूळ सामग्री सोडवून घेण्याचे काम हस्तलिखितांच्या शोधाइतकेच चिकाटीचे होते. २००९च्या 'मंकी आयलंड'च्या नव्या आवृत्तीत एक कळ दाबली की नवे चित्र जाऊन १९९०चे चित्र दिसते. छापील ग्रंथात पाठभेद तळटीपेत जातात. इथे दोन्ही पाठ त्याच जागी, डोळ्यांसमोर अदलून बदलून पाहता येतात. त्याही आधी, २००१पासून, स्कमव्हीएम या विनामूल्य प्रणालीने जुने खेळ नव्या यंत्रांवर चालते ठेवले. तिच्यावर खपणाऱ्या स्वयंसेवकांचे ऋण या सगळ्या पुनरागमनांवर आहे. वाचकच उरले नसते तर परतून येणाऱ्याचे स्वागत कोणी केले असते?

परतून आलेलेही कायमचे राहतात असे नाही. टेलटेल सप्टेंबर २०१८मध्ये कोलमडली आणि सॅम-मॅक्स पुन्हा पोरके झाले. मग तिथल्याच काही जुन्या माणसांनी स्कंकेप गेम्स नावाने एकत्र येऊन त्या तिन्ही मालिकांच्या सुधारित आवृत्त्या अनुक्रमे २०२०, २०२१ आणि २०२४मध्ये काढल्या. २००४मध्ये जे घडले त्याचीच ही लहान आवृत्ती: संस्था बुडते, माणसे उरतात, आणि माणसांना गोष्ट आठवत असते.

दादा २०१६च्या पावसाळ्यात गेला. 'रिटर्न टू मंकी आयलंड' आम्ही एकट्याने खेळलो. लेखनात 'आम्ही' म्हणण्याची ही जुनी रीत आम्ही वळणाने उचलली आहे; त्या संगणकासमोर मात्र ते सर्वनाम खरोखरच अनेकवचनी होते. बाकावरचा गायब्रश मुलाला गोष्ट सांगत होता आणि मूल मध्येच हटकत होते, तेव्हा दर दृश्याला काहीतरी शेजारी वळून विचारावेसे वाटे. कोडी सुटली. सगळे शब्द आता शब्दकोशावाचून कळतात, तेही नीट कळले. खेळ उत्तम होता आणि आम्हांला तो मनापासून आवडला, हे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे; शोकाच्या भरात नव्या कृतीवर अन्याय करणे दादाला रुचले नसते.

गेल्या वर्षी वहिनीने त्याचे कपाट आवरताना दोन्ही वह्या आमच्याकडे दिल्या. जुन्या वहीत लाल मथळ्याखालची पाने अजून कोरी आहेत. त्यांवर काही लिहावे असे आम्हांला वाटत नाही. 'रिटर्न'ची टिपणे आम्ही नव्या वहीत, त्याच्या सहाव्या भागाच्या नोंदी जिथे संपतात तिथून पुढे, एक ओळ सोडून उतरवली आहेत.